कागदाचं तळं

प्रत्येक शेतकऱ्याच्या रानात एक शेततळं असलंच पाहिजे, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो. शिवारफेऱ्यांत सांगितलं, मेळाव्यांत सांगितलं, लग्नकार्यात भेटलेल्या सोयऱ्यांनाही सांगितलं. माझं ऐकून पंचक्रोशीत तळी झाली. ती बघायला बाहेरगावची माणसं यायची तेव्हा मला अभिमान वाटायचा. आज मी ते सांगत नाही. तळं घ्यायचा विचार करणारा कुणी सल्ला विचारायला आला, तर आधी त्यालाच विचारतो, की ते भरणार कुठून? पूर्वीचं मत मी चारचौघांत मांडलं होतं, म्हणून बदललेलं मतही चारचौघांतच मांडतो आहे.

आमचं गाव माणदेशातलं, सांगोला आणि आटपाडी तालुक्यांच्या शिवेवरचं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास धरायचा, आणि त्यातला बराचसा परतीचा. पुण्या-मुंबईची माणसं जूनमध्ये पावसाची चर्चा करतात. आम्ही उत्तरा आणि हस्ताकडे डोळे लावून बसतो. जमीन बहुतेक हलकी. हात-दीड हात माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीत आमच्या आधीच्या पिढ्यांनी बाजरी, मटकी, हुलगा घेतला, खोलगट रानात शाळू केला, आणि पिकाने दगा दिला तर शेरडा-मेंढरांवर वर्ष काढलं. माझे वडील बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले. त्यांच्या लेखी पाणी असलेला माणूस म्हणजे सुटलेला माणूस. मी त्याच समजुतीत वाढलो.

मग डाळिंब आलं. आमच्या भागाचं डाळिंबाने केलेलं भलं नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. माळावर, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथे ‘भगवा’ वाणाच्या बागा उभ्या राहिल्या. स्लॅबची घरं झाली, पोरी इंजिनिअर झाल्या, मुंबईला माथाडीत गेलेली माणसं गावाकडे परतली. डाळिंब हे कमी पाण्याचं झाड आहे, हेही खरं. पण त्याला थोडं का होईना, पाणी वेळेवर लागतं. ताण देऊन, पानगळ करून बहार धरला, की फळ काढेपर्यंत पाणी तुटून चालत नाही. आंबे बहार धरला तर नेमकं मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत पाणी लागतं, म्हणजे विहिरींचा तळ दिसू लागतो तेव्हा. या अडचणीवर शेततळं हा उपाय म्हणून आला, आणि आम्ही तो दोन्ही हातांनी घेतला.

माझं तळं ४४ मीटर लांब, ४४ मीटर रुंद, आत पाचशे मायक्रॉनचा कागद. आमच्याकडे त्या प्लॅस्टिकला कागदच म्हणतात. भरलं की एक कोटी लिटर पाणी. फलोत्पादनाच्या योजनेतून अनुदान मिळालं, उरलेलं कर्ज काढलं. त्यानंतर २०१६ मध्ये राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि ज्यांना ते आधी परवडत नव्हतं त्यांनीही खड्डे खणले. २०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा टँकरच्या मागे न पळता माझी बाग हिरवी राहिली. माझ्या मताला याहून मोठा पुरावा मला त्या वेळी नको होता.

मत हलायला सुरुवात झाली ती एका प्रश्नाने. माझ्या रानाला लागून माझ्या चुलतीचं दोन एकर रान आहे. काकी एकट्याच राहतात. त्यांच्या विहिरीवर थोडा शाळू, थोडी मेथी-कोथिंबीर, दोन शेळ्यांचा घास एवढं निघायचं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “आरं, यंदा पाऊस तर बरा झालाय. मग माझी हीर आत्ताच कशी काय बसली रं?” त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी म्हणालो, झरे बुजले असतील, गाळ काढून घेऊ. पुढे गाळ काढलाही. पाणी वाढलं नाही.

त्याच उन्हाळ्यात भूजलावरच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे शिकवणाऱ्यांनी आमच्या खडकाचा छेद फळ्यावर काढला. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग या बेसॉल्टवर, काळ्या पाषाणावर बसलेला आहे. वाळूच्या थरात पाणी मुबलक मावतं. आमच्या खडकात ते फक्त झिजलेल्या मुरमात आणि भेगांत मावतं, खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. पडलेल्या पावसापैकी मुरून भूजलाला मिळणारा वाटाही साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरला जातो. यातलं काही मला नवं नव्हतं. तुटक तुटक सगळं ऐकलेलं होतं. ते माझ्या तळ्याशी जोडून मी कधी बघितलं नव्हतं, एवढंच.

घरी येऊन हिशेब मांडला. साडेचारशे मिलिमीटर पाऊस, त्याचा दहावा हिस्सा मुरला तर पंचेचाळीस मिलिमीटर. म्हणजे हेक्टरी साडेचार लाख लिटर. माझी जमीन बारा एकर, तिच्यात वर्षाला मुरणारं पाणी साधारण बावीस लाख लिटर. आणि तळ्याला लागतं एक कोटी. एवढं पाणी मुरायला पंचावन्न एकर रान लागतं. माझ्या बारा एकरांच्या पलीकडचे त्रेचाळीस एकर कुणाचे? काकींचे दोन, शेजारच्या भावकीचे, ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्याचं पडीक रान, गावाची गायरान जमीन, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचा पट्टा. खडकाच्या भेगा सात-बारा बघून थांबत नाहीत. माझी मोटर माझ्या विहिरीत होती, पाणी मात्र सगळ्यांच्या रानाखालून येत होतं.

हा हिशेब ढोबळ आहे. एखाद्या वर्षी पाऊस सातशेवर जातो, ओढ्याकाठच्या विहिरीला जास्त पाझर असतो, मातीनुसार मुरण्याचं प्रमाण बदलतं. आकडे दीडपट-दुप्पट करून पाहिले, तरी निष्कर्ष बदलला नाही.

आता तळं भरण्याची पद्धत सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की शेततळ्यात पावसाचं पाणी साठतं. शासनाची मूळ कल्पना तीच होती. उतारावर खड्डा, एका बाजूने वाहतं पाणी आत येणार, दुसऱ्या बाजूने जास्तीचं बाहेर पडणार. फळबागवाल्यांची तळी तशी नाहीत. निम्मं तळं जमिनीत आणि निम्मं जमिनीच्या वर, खणलेल्या मातीचा दीड-दोन पुरुष उंचीचा बांध घालून केलेलं. शिवारातून वाहणारं पाणी असा बांध चढून आत येऊच शकत नाही. थेट वरून पडतो तेवढाच पाऊस आत येतो. बाकी सगळं मोटरने. आणि मोटर चालते सप्टेंबर ते नोव्हेंबर, विहिरी तुडुंब असतात तेव्हा. विहीर उपसली की रात्रीतून पुन्हा भरते, पुन्हा उपसायची. एरवी तेच पाणी सावकाश फेब्रुवारी-मार्चपर्यंत सगळ्या विहिरींना पुरलं असतं. ते आम्ही दिवाळीच्या आधी वर काढून कागदावर ठेवत होतो. काकींच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ते मला दीर्घकाळ दिसलं नाही, कारण मोटर चालू असताना माझी विहीर भरलेलीच दिसायची.

आणि वर काढलेलं पाणी उन्हात. नोव्हेंबर ते मे, दिवसाला सरासरी सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर दोनशे दिवसांत सव्वा मीटरच्या आसपास पाणी उडतं. पातळी खाली जाते तसा पृष्ठभाग आक्रसतो, ते वजा केलं तरी पंधरा ते वीस लाख लिटर. माझ्या बारा एकरांत वर्षभरात मुरतं जवळपास तेवढंच पाणी मी नुसतं उन्हाला देत होतो. दरडोई पंचावन्न लिटर या पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मापाने ते पाऊणशे ते शंभर माणसांना वर्षभर पुरलं असतं. जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही, कागदही लागत नाही. निसर्गाने फुकट दिलेली सावलीतली साठवण सोडून आम्ही कर्ज काढून उघड्यावर साठवण केली.

माझ्या मित्रांनी यावर घेतलेला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, तू नाही काढलंस तर दुसरा काढेल. पाणी खाली ठेवलं म्हणजे ते गावासाठी राहिलं असं नाही. ज्याचं बोअर खोल, त्याच्यासाठी राहिलं. हे शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच मी तळ्याच्या प्रश्नाकडे आता एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणाचा प्रश्न म्हणून बघत नाही. एका ताटात जेवणाऱ्यांपैकी एकाने हात आखडून काही होत नाही, उलट तोच उपाशी राहतो. आमच्याकडे तळ्यांनी नेमकी ही घाई वाढवली. एकाने ऑक्टोबरमध्ये तळं भरलं की शेजारी धास्तावतो आणि सप्टेंबरातच मोटर सुरू करतो. ज्याला तळं परवडत नाही तो कोरडा राहतो. मग तो कर्ज काढून बोअर मारतो, पाणाड्या नारळ घेऊन रानभर फिरतो, पाचशे-सहाशे फुटांवर धूळ निघते. पुढचा बोअर आणखी खोल.

ठिबकाचंही असंच झालं. ठिबकाने एकरी पाणी वाचतं, यात वाद नाही. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही. त्यावर आम्ही बाग वाढवली. माझी तीन एकर बाग सात एकर झाली, ती ठिबक आणि तळं या दोहोंच्या जोरावर. आणि बाग वाढली की दुष्काळाशी असलेलं आपलं नातंच बदलतं. शाळू, हरभरा, करडई ही पिकं पाऊस बघून पेरता येतात. ओल नसेल तर रान मोकळं ठेवायचं, नुकसान त्या वर्षापुरतं. बागेला मोकळीक नसते. पाऊस निम्मा पडला म्हणून निम्मी झाडं सहा महिने झोपवून ठेवता येत नाहीत. ताणावर ठेवलेल्या झाडालाही जगण्यापुरतं पाणी द्यावंच लागतं. प्रत्येक नवी बाग म्हणजे पुढच्या पंधरा उन्हाळ्यांसाठी गावाने मान्य केलेली मागणी, आणि ती मान्य करताना गावाला कुणी विचारलेलं नसतं.

हवामान बदलतं आहे म्हणूनच तर तळी हवीत, असं मी पूर्वी म्हणत असे. आता तेच कारण मला उलट्या बाजूला नेतं. पाऊस कसा बदलतो आहे ते आम्ही बघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. आमच्याकडे १४ ऑक्टोबर २०२० ला जो पाऊस झाला, तो कुणी विसरणार नाही. नदी-ओढे पात्र सोडून वाहिले, बांध फुटले, माती गेली. आणि तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, दुष्काळी जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत सांगोला होता. पाऊस असा एकदम पडणार असेल, तर त्याचं वाहतं पाणी अडवून मुरवणं हे काम सर्वांत महत्त्वाचं. आमची कागदाची तळी नेमकं तेच करू शकत नाहीत. त्या ऑक्टोबरात शिवारातून एवढं पाणी वाहून गेलं, आणि तळी उंच बांधाआड बाजूला उभी होती, आधीच मोटरने भरलेली. त्याच शिवारात ज्यांच्या रानाच्या ताली शाबूत होत्या, उताराला आडवी पेरणी होती, बांधावर गवत राखलेलं होतं, त्यांची माती बऱ्यापैकी जागेवर राहिली आणि त्या साली त्यांचा शाळू एकाही पाण्याशिवाय आला.

ताली आणि बांधबंदिस्ती ही मला जुन्या माणसांची कामं वाटायची. बाहत्तरनंतर रोजगार हमीवर झालेल्या समतल चरांवरून ट्रॅक्टर फिरवून आम्ही रान सपाट केलं होतं. आज मी उलटं म्हणतो. कोरड्या मुलखात पाण्याचं पहिलं धरण म्हणजे मातीच. शेणखत, काडीकचरा, उन्हाळ्यात झाकलेली जमीन, यांनी मातीत दोन पावसांच्या मधली ओल टिकते. हलक्या जमिनीत हे काम हळू होतं, पण होतं. माझ्या बागेतल्या तीन एकरांत मी आच्छादन करू लागल्यापासून पाण्याच्या पाळ्यांतलं अंतर वाढलं आहे.

नियमांविषयीचं माझं मतही याच काळात पालटलं. हिवरे बाजारला मी अनेकदा जाऊन आलो होतो. तिथून परत येताना आम्ही दर वेळी म्हणायचो, तिथे पोपटराव पवार आहेत, आपल्याकडे कोण आहे? १९८९ पासून त्या माणसाने काय केलं याची आम्ही वाहवा करायचो आणि त्यांनी केलेले नियम वाचायचे टाळायचो. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. दर वर्षी पावसाचं आणि विहिरींचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरेल त्यावर रब्बीचं क्षेत्र. पाऊस कमी तर क्षेत्र कमी. तिथे झालेली पाणी अडवण्या-मुरवण्याची कामं सर्वांना दिसतात. हा नियम मात्र दिसत नाही, आणि कामांनी आलेलं पाणी त्या नियमामुळेच टिकलं, असं मी आज मानतो.

त्याच्याही आधी, बाहत्तरच्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हता, माणशी होता. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि आमच्या शेजारीच, खानापूर तालुक्यात, येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या पाण्यात भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. ही उदाहरणं मला तरुणपणापासून माहीत होती. ती मला सुंदर पण अवघड, चळवळवाल्यांची वाटायची. शेतकऱ्याचं खरं काम उत्पादन वाढवणं, वाटणी हा पुढाऱ्यांचा विषय, असं मी धरून चाललो होतो. कोरड्या प्रदेशात वाटणी हाच शेतीचा विषय आहे, हे मला तळ्याच्या हिशेबाने शिकवलं. काकींची विहीर आटली तेव्हा त्यांचं शाळूचं पीक माझ्या डाळिंबात गेलं होतं. उत्पादन वाढलं नव्हतं, जागा बदलली होती.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर, बोअरवर त्यात बंधनं आहेत. पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीकआराखड्याची तरतूद आहे. आमच्या गावात बोअरची गाडी येते तेव्हा या कायद्याची आठवण कुणाला होत नाही. मला तो पोलीस पाठवून राबवायला नको आहे. गावाने मापं घ्यावीत, गावाने ठरवावं, आणि त्या ठरावामागे कायदा उभा राहावा. अनुदानाचंही तसंच. ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्याला अनुदान जरूर द्यावं. विहीर-बोअर उपसून भरणाऱ्या तळ्याला, गावाचा ताळेबंद नसताना, एक रुपयाही देऊ नये. हे मी आता लेखी कळवलं आहे, आणि त्यावरून माझे काही जुने सोबती नाराज आहेत.

म्हणून मी बाग काढून टाकली का? नाही. मुलांची शिक्षणं आणि बँकेचे हप्ते तिच्यावर आहेत. सातातली तीन एकर जुनी, मर लागलेली बाग काढली आणि तिथे शाळू, मटकी आणि घास घेतो. तळ्यात विहिरीचं पाणी सोडणं बंद केलं. ओढा वाहतो तेवढे दिवस त्यातून पाणी घेतो, मग पाइप काढून ठेवतो. गेल्या साली तळं निम्मंच भरलं, फळ लहान राहिलं, उत्पन्नात फरक पडला. तो सोसण्याजोगा होता, पण ज्याच्या डोक्यावर नवं कर्ज आहे त्याला तो सोसणार नाही, याची मला जाणीव आहे.

ग्रामसभेत आम्ही पर्जन्यमापक बसवण्याचा आणि दिवाळीच्या सुमारास साऱ्या विहिरींची पाणीपातळी मोजून फळ्यावर लिहिण्याचा ठराव मांडला. तो झाला. शेतीसाठी नवं बोअर न मारण्याचा ठराव मात्र नामंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत माझा थोरला पुतण्या होता. त्याला चार एकर नवी बाग लावायची आहे, तळ्याचा अर्ज भरून तयार आहे. तो म्हणाला, “तात्या, तुमचं सगळं झाल्यावर तुम्हाला ही अक्कल सुचली. आमची पाळी आली की नियम?” यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण तो खरं बोलत होता. नियम करायचाच असेल तर आधीच्या बागवाल्यांनाही पाणी सोडावं लागेल. नुसती नव्यांची वाट अडवून चालणार नाही. माझ्या उरलेल्या चार एकरांतलं किती मी सोडेन, हे मी त्याच्यासमोर अजून बोललेलो नाही. या दिवाळीला विहिरींची मापं फळ्यावर लागतील, तेव्हा माझी बाग आणि त्याचा अर्ज दोन्ही एकाच वेळी सभेपुढे ठेवू, असं मी त्याला सुचवलं आहे. तो विचार करतो म्हणाला आहे.